दोन तालुक्यांच्या टक्केवारीतला फरक खरा की नमुन्याचा? दोन प्रमाणांच्या चाचणीची कृती

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या २४० शेतकऱ्यांना विचारले असता त्यांपैकी १०८ जणांनी गेल्या तीन वर्षांत आपल्या जमिनीचे माती परीक्षण करून घेतल्याचे आढळले, आणि जत तालुक्यातल्या १८० शेतकऱ्यांपैकी ६१ जणांनी ते करून घेतल्याचे आढळले, असे समजू. हे आकडे कृती समजावण्यासाठी मी मनाने घेतले आहेत. त्यांवरून या दोन तालुक्यांविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. पहिल्या तालुक्यात प्रमाण शेकडा ४५ येते आणि दुसऱ्यात शेकडा ३३.९, म्हणजे शंभरामागे सुमारे ११ शेतकऱ्यांचा फरक पडतो. प्रकल्प-अहवाल लिहिणारे बहुतेक विद्यार्थी येथेच थांबतात आणि ‘वाळव्यात माती परीक्षणाचे प्रमाण जतपेक्षा जास्त आहे’ असे वाक्य लिहून मोकळे होतात. परंतु विचारले ते एकूण ४२० जणांना, आणि वाक्य मात्र दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शेतकऱ्यांविषयी लिहिले गेले. एवढी उडी मारण्याचा अधिकार आपल्या आकड्यांना आहे का, हे तपासण्याची रीत म्हणजे दोन प्रमाणांची चाचणी होय. तिचे गणित दहा मिनिटांचे आहे. त्या गणिताआधी नमुना कसा निवडला, याचे उत्तर देणे मात्र पुष्कळ अवघड असते, आणि या लेखात अधिक जागा मी त्यालाच देणार आहे.

गणिताआधी ‘होय’ म्हणजे काय ते ठरवावे

प्रमाणांची तुलना करायची तर प्रत्येक व्यक्तीचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोनच खान्यांत बसले पाहिजे, आणि ‘होय’चा अर्थ दोन्हीकडे तंतोतंत एकच असला पाहिजे. हे सांगायला सोपे वाटते, पण माती परीक्षणाचेच उदाहरण पाहा. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या योजनेत प्रत्येक शेतातून नमुना घेण्याऐवजी गावाचे चौकोन पाडून त्यांतून नमुने घेण्याची पद्धत ठेवण्यात आली, आणि हा चौकोन बागायत क्षेत्रात २.५ हेक्टरचा, तर जिरायत क्षेत्रात १० हेक्टरचा होता. त्यामुळे एखाद्याच्या हातात पत्रिका असली तरी माती त्याच्याच बांधाच्या आतली असेलच असे नाही, आणि जिरायत भागात तर ती शक्यता आणखी कमी होते. वाळव्याचा बराच भाग कृष्णेच्या आणि वारणेच्या पाण्यावर भिजणारा आणि जतचा बराच भाग कोरडवाहू. अशा दोन तालुक्यांत ‘पत्रिका आहे का?’ असे विचारले तर एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातील. म्हणून ‘गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या शेतातली माती स्वतः किंवा माणूस पाठवून प्रयोगशाळेत दिली का, आणि तिचा अहवाल मिळाला का?’ असा प्रश्न आधीच पक्का करावा आणि तो सर्व विचारणाऱ्यांना लेखी द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे समष्टी ठरवणे. ज्या सर्वांविषयी आपल्याला बोलायचे आहे, त्यांच्या समूहाला समष्टी म्हणतात. येथे दोन समष्टी आहेत: वाळवा तालुक्यातले सर्व खातेदार शेतकरी आणि जत तालुक्यातले सर्व खातेदार शेतकरी. २४० आणि १८० हे त्यांतले नमुने.

तिसरी गोष्ट म्हणजे परिकल्पना लिहून ठेवणे. दोन्ही समष्टींमधली खरी प्रमाणे समान आहेत, असे मानून चालणे ही शून्य परिकल्पना. ती समान नाहीत, ही पर्यायी परिकल्पना. वाळव्याचे प्रमाण जास्तच असणार, असे आधीपासून वाटत असले तरी मी विद्यार्थ्यांना द्विपुच्छ चाचणीच घ्यायला सांगतो, म्हणजे फरक कोणत्याही दिशेने असू शकतो असे धरून चालायला सांगतो. एकाच दिशेची चाचणी घ्यायची असेल तर तो निर्णय आकडे पाहण्यापूर्वी घेतलेला असावा. आकडे पाहिल्यावर दिशा निवडली तर पी-मूल्य (प्रमाणे समान असती तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) आपोआप निम्मे होते आणि आपण स्वतःलाच फसवतो. सार्थकता पातळीही, म्हणजे पी-मूल्य जिच्याखाली गेले की शून्य परिकल्पना नाकारायची ती सीमा (साधारणतः ०.०५), याच वेळी ठरवावी.

प्रत्यक्ष गणित

हे गणित करताना तूर्त असे धरू की दोन्ही तालुक्यांतल्या खातेदारांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे काढली आहेत आणि एकाच्या निवडीचा दुसऱ्याच्या निवडीशी काही संबंध नाही. हे गृहीत पुढे आपण पुन्हा तपासणार आहोत.

शून्य परिकल्पना खरी असेल तर दोन्ही नमुने एकच प्रमाण असलेल्या समूहांतून आलेले आहेत. मग त्या एका प्रमाणाचा सर्वांत चांगला अंदाज दोन्ही नमुने एकत्र करूनच मिळेल. एकत्रित प्रमाण = (१०८ + ६१) ÷ (२४० + १८०) = १६९ ÷ ४२० = ०.४०२४. दोन टक्केवाऱ्यांची सरळ सरासरी येथे चालत नाही, कारण नमुन्यांचे आकार वेगळे आहेत.

आता प्रमाणित त्रुटी काढायची. निव्वळ योगायोगाने दोन नमुन्यांच्या प्रमाणांत साधारण केवढा फरक पडू शकतो, याचे हे माप आहे. एकत्रित प्रमाणाला (१ वजा एकत्रित प्रमाण) याने गुणावे: ०.४०२४ × ०.५९७६ = ०.२४०५. त्याला (१ ÷ २४० + १ ÷ १८०), म्हणजे ०.००९७२ याने गुणावे, उत्तर ०.००२३४ येते. त्याचे वर्गमूळ ०.०४८४ ही आपली प्रमाणित त्रुटी.

शेवटी, प्रत्यक्ष दिसलेल्या फरकाला प्रमाणित त्रुटीने भागायचे. फरक ०.४५०० − ०.३३८९ = ०.११११; म्हणून झेड = ०.११११ ÷ ०.०४८४ = २.३०. म्हणजे दिसलेला फरक योगायोगाच्या नेहमीच्या मापाच्या २.३ पट आहे. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात पाहिले तर दोन्ही पुच्छांचे मिळून पी-मूल्य सुमारे ०.०२२ येते. ते ०.०५ पेक्षा कमी असल्यामुळे शून्य परिकल्पना नाकारली जाते. कोष्टक हाताशी नसेल तर झेडची किंमत, चिन्ह सोडून, १.९६ पेक्षा मोठी आहे की नाही एवढे पाहिले तरी ०.०५ पातळीवरचा निर्णय तोच मिळतो.

हे गणित वापरण्याआधी एक अट पाहायची असते: दोन्ही नमुन्यांत ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन्हींची संख्या किमान १० तरी असावी. आपल्याकडे १०८ व १३२ आणि ६१ व ११९ आहेत, तेव्हा येथे काळजी नाही. काही पाठ्यपुस्तके ५ वर समाधान मानतात. मी १० धरतो.

ज्यांनी काय-वर्ग चाचणी शिकली आहे, त्यांना हेच आकडे दोन ओळी व दोन स्तंभांच्या कोष्टकात मांडता येतील. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेल्या त्या चाचणीचे येथले मूल्य ५.२८ येते, आणि ते झेडचा नेमका वर्ग असते, तिची ३.८४ ही सीमासुद्धा १.९६ चा वर्गच आहे. या दोन वेगळ्या चाचण्या नाहीत, म्हणून अहवालात दोन्ही देऊन ‘दोन चाचण्यांनी दुजोरा दिला’ असे लिहू नये. संगणकावर ‘आर’ या आज्ञावलीत प्रमाणांची चाचणी केली तर मूल्य ५.२८ ऐवजी ४.८३ दिसेल आणि पी-मूल्य ०.०२८ येईल. ही चूक नव्हे; फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये सुचवलेली सातत्याची दुरुस्ती ती आज्ञावली आपणहून लावते, आणि नको असल्यास ती बंद करता येते. दुरुस्ती लावली की नाही, हे अहवालात लिहावे.

पी-मूल्य काय सांगते आणि काय सांगत नाही

०.०२२ या आकड्याचा अर्थ असा: दोन्ही तालुक्यांतली खरी प्रमाणे समान असती, तर अशा आकाराच्या नमुन्यांत निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता सुमारे २.२ टक्के आहे. ‘प्रमाणे समान असण्याची शक्यता २.२ टक्के आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘समान असती तर’ या तीन शब्दांत सगळा फरक आहे, आणि तोंडी परीक्षेत सर्वाधिक विद्यार्थी याच जागी अडतात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यांविषयी स्वतंत्र निवेदन काढले, त्यातही हा गैरसमज स्पष्टपणे खोडलेला आहे.

शिवाय पी-मूल्यावरून फरक केवढा आहे ते कळत नाही. त्यासाठी विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या दोन टोकांच्या दरम्यान असावा असा अंदाज करता येतो तो पट्टा, काढावा. येथे मात्र दोन्ही प्रमाणे समान आहेत असे आपण धरत नाही, म्हणून प्रमाणित त्रुटी एकत्रित प्रमाणावरून न काढता प्रत्येक नमुन्याच्या स्वतःच्या प्रमाणावरून काढायची: (०.४५ × ०.५५ ÷ २४०) + (०.३३८९ × ०.६६११ ÷ १८०) = ०.००२२८, आणि त्याचे वर्गमूळ ०.०४७७. त्याला १.९६ ने गुणले की ०.०९३५ मिळते. म्हणून ९५ टक्के विश्वासांतराल ०.०१८ ते ०.२०५ असा येतो. शंभरामागे फरक २ शेतकऱ्यांइतका लहान असू शकेल किंवा २० शेतकऱ्यांइतका मोठाही असू शकेल. तालुक्यात माती परीक्षणाची शिबिरे कोठे घ्यावीत, हे ठरवणाऱ्या कृषी अधिकाऱ्याला या दोन टोकांचा अर्थ फार वेगळा आहे, आणि ‘फरक सार्थ आहे’ या शब्दांनी तो झाकला जातो. मला विचाराल तर अहवालात पी-मूल्य गाळले तरी चालेल, विश्वासांतराल गाळू नये.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. समजा, एवढाच फरक ६० आणि ४५ शेतकऱ्यांच्या लहान नमुन्यांत दिसला: २७ आणि १५ ‘होय’, म्हणजे शेकडा ४५ आणि शेकडा ३३.३. वरच्याच रीतीने झेड १.२१ येते आणि पी-मूल्य ०.२३. विद्यार्थी लिहितो, ‘दोन्ही तालुक्यांत फरक नाही.’ पण त्याच आकड्यांचा विश्वासांतराल शंभरामागे उणे ७ पासून अधिक ३० पर्यंत पसरलेला आहे. शंभरामागे ३० चा फरकही ज्याच्या पोटात बसतो, त्या नमुन्याला ‘फरक नाही’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. ‘या नमुन्यावरून सांगता येत नाही’ एवढेच त्याला म्हणता येते.

शितावरून भात, पण कोणत्या भांड्यातला?

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातल्या सगळ्या शितांना सारखीच आच लागलेली असते. तालुका हे तसे एक पातेले नाही. वर गणित करताना आपण धरले की यादीतून एकेक नाव स्वतंत्रपणे काढले आहे. पण प्रत्यक्षात सर्वेक्षण तसे होत नाही. जतसारख्या विस्ताराने मोठ्या तालुक्यात १८० वेगवेगळ्या ठिकाणी जाणे विद्यार्थ्यांना परवडत नाही. ते ९ गावे निवडतात आणि प्रत्येक गावात २० शेतकरी गाठतात. वाळव्यात १२ गावे आणि प्रत्येकी २०. आकडे तेच येतात: २४० आणि १८०. मात्र त्यांची किंमत तीच राहत नाही.

याचे कारण एका गावातली माणसे एकमेकांसारखी वागतात. एखाद्या गावात कृषी साहाय्यक उत्साही असतो, किंवा साखर कारखान्याच्या शेतकी विभागाने तिथे मातीचे नमुने गोळा केलेले असतात, किंवा पाण्याचा अतिवापर होऊन जमीन क्षारपड झाल्याचा अनुभव साऱ्या शिवाराने घेतलेला असतो, आणि मग त्या गावातले वीसपैकी पंधरा जण ‘होय’ म्हणतात. शेजारच्या गावात यांतले काहीच घडलेले नसते आणि वीसपैकी तिघेच ‘होय’ म्हणतात. एका गावातल्या पहिल्या पाच जणांची उत्तरे ऐकली की उरलेल्या पंधरांची बरीचशी अटकळ बांधता येते. म्हणजे त्या पंधरांनी पूर्ण पंधरा जणांएवढी नवी माहिती दिलेलीच नसते.

ही गळती मोजता येते. गावातल्या उत्तरांमधल्या सारखेपणाला अंतर्गत सहसंबंध म्हणतात. गावामागे २० माणसे असतील आणि हा सहसंबंध ०.०५ इतका लहान असेल, तरी विचरण (प्रमाणित त्रुटीचा वर्ग) १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ पट होते. म्हणजे २४० शेतकऱ्यांचा नमुना सुमारे १२३ स्वतंत्र शेतकऱ्यांच्या मोलाचा उरतो आणि १८० चा सुमारे ९२ च्या मोलाचा. प्रमाणित त्रुटी १.९५ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटीने वाढते, झेड २.३० वरून १.६५ वर येते आणि पी-मूल्य ०.०२२ वरून ०.१० वर जाते. ज्या आकड्यांनी शून्य परिकल्पना नाकारली होती, त्याच आकड्यांनी आता ती नाकारली जात नाही. एकाही शेतकऱ्याचे उत्तर बदललेले नाही. केवळ त्यांना गाठण्याची रीत आपण प्रामाणिकपणे हिशेबात धरली.

ज्यांना सहसंबंधाचा अंदाज करणे कठीण वाटते, त्यांच्यासाठी एक सरळ वाट आहे. प्रत्येक गावाचे एक प्रमाण काढावे, म्हणजे वाळव्याचे १२ आणि जतचे ९ असे २१ आकडे मिळतील, आणि त्यांवर दोन सरासऱ्यांची नेहमीची टी-चाचणी करावी. तिची स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे टी-कोष्टकातली जी ओळ पाहायची तिचा आकडा, २१ − २ = १९ असेल. प्रत्येक गावात माणसे सारखीच असल्यामुळे गावांच्या प्रमाणांची सरासरी तालुक्याच्या प्रमाणाएवढीच येते आणि गावागावांतला फरक आपोआप प्रमाणित त्रुटीत उतरतो. मात्र गावांची निवडही चिठ्ठ्यांनीच व्हावी, आणि मोठ्या गावाला त्याच्या खातेदारांच्या संख्येच्या प्रमाणात जास्त संधी मिळावी. तसे केले तरच प्रत्येक गावातून २० जण घेतल्यावर तालुक्यातल्या सर्व शेतकऱ्यांना निवडले जाण्याची सारखी संधी राहते.

हाच नियम शेतातल्या प्रयोगांनाही लागू आहे. बेणेप्रक्रिया केलेल्या उसाच्या ५०० डोळ्यांपैकी किती उगवले आणि प्रक्रिया न केलेल्या ५०० पैकी किती, अशी तुलना कृषी महाविद्यालयांत नेहमी होते. पण प्रक्रिया केलेले सगळे डोळे एका सरीत आणि न केलेले दुसऱ्या सरीत लावले असतील, तर आपण ५०० ची ५०० शी नव्हे, एका सरीची दुसऱ्या सरीशी तुलना करतो आहोत. दुसऱ्या सरीच्या टोकाला पाणी साचून राहिले तर त्या एका कारणाने शेकडो डोळे एकदम कुजतील आणि झेडचे मूल्य मात्र दहाच्या घरात जाऊन आपली दिशाभूल करील. लहान लहान पट्टे पाडून कोणत्या पट्ट्यात काय लावायचे ते चिठ्ठीने ठरवावे आणि पट्टा हे एकक धरावे.

यादी, वेळ आणि न भेटलेली माणसे

चिठ्ठ्या टाकायच्या तर यादी हवी. सातबारावरून यादी केली तर ज्याची जमीन चार गटांत विखुरलेली आहे त्याचे नाव चार वेळा येते आणि मोठ्या शेतकऱ्यांना नकळत झुकते माप मिळते. त्यापेक्षा आठ-अ वरून खातेदारांची यादी करणे बरे, कारण त्यात एका खात्यावरची गावातली सगळी जमीन एकत्र येते. एकत्र कुटुंबातल्या तीन भावांची तीन खाती असली आणि शेती एकजण पाहत असला, तर त्या तिघांना तीन स्वतंत्र उत्तरे मानू नये. अशा वेळी कुटुंब हे एकक ठरवून यादी त्याप्रमाणे दुरुस्त करावी. कृषी सेवा केंद्रासमोर उभे राहून भेटतील त्यांना विचारणे सर्वांत सोपे असते आणि माती परीक्षणाच्या प्रश्नासाठी सर्वांत अयोग्य, कारण तिथे येणारा शेतकरी मुळातच निविष्ठांविषयी, म्हणजे बियाणे-खतांविषयी, जागरूक असतो.

वेळेचाही विचार करावा. गळीत हंगामात जत आणि आटपाडी तालुक्यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडलेली असतात. खानापूर-आटपाडी भागातले पुष्कळ लोक सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त परराज्यांत असतात. डिसेंबरात सर्वेक्षण केले तर वाळव्यात घरी भेटणारा आणि जतमध्ये घरी भेटणारा शेतकरी हे दोन वेगळ्या अर्थांनी ‘घरी भेटलेले’ असतील. यादीत नाव निघाले पण माणूस भेटला नाही, तर शेजारच्या घरात जाऊन आकडा पूर्ण करू नये. पुन्हा जावे, आणि तरीही भेट झाली नाही तर न भेटलेल्यांची संख्या तालुकानिहाय लिहावी.

न भेटलेली किंवा नकार दिलेली माणसे भेटलेल्यांसारखीच असतात, हे गृहीत किती धोक्याचे आहे ते १९५४ मध्ये अमेरिकेत झालेल्या पोलिओ लशीच्या चाचणीत दिसले. पालकांची संमती मिळालेल्या मुलांपैकी कोणाला जोनास साल्क यांची लस द्यायची आणि कोणाला नुसते पाणीवजा द्रावण, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. लस घेतलेल्या २,००,७४५ मुलांत ५७ जणांना पोलिओ झाला आणि द्रावण घेतलेल्या २,०१,२२९ मुलांत १४२ जणांना. म्हणजे लाखामागे २८ आणि ७१. वरच्या रीतीने गणित केले तर झेड ६ च्या जवळ येते. पण ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नव्हती, त्या मुलांत हे प्रमाण लाखामागे सुमारे ४६ होते. त्यांनाही लस मिळाली नव्हती, तरी द्रावण घेतलेल्या मुलांपेक्षा त्यांच्यात आजार कमी दिसला. संमती देणारी कुटुंबे तुलनेने सुस्थितीतली आणि स्वच्छ वस्तीत राहणारी होती. त्यांच्या मुलांना लहानपणी सौम्य संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती मिळण्याची संधी कमी मिळालेली असे. लस घेतलेल्यांची तुलना नकार दिलेल्यांशी केली असती, तर ७१ च्या जागी ४६ येऊन लशीचा गुण पुष्कळ कमी दिसला असता.

याच उदाहरणातून आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. चार लाख मुले घेऊनही निर्णय ठरला तो १९९ आजारी मुलांवर. प्रमाण अगदी लहान असेल तर नमुन्याचा आकार नव्हे, ‘होय’ची संख्या मोजावी. आणि तेथे कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठीने ठरले होते, म्हणून ‘लशीमुळे’ असे म्हणता आले. वाळवा आणि जत यांच्यात कोणी चिठ्ठ्या टाकून शेतकरी वाटलेले नाहीत. पाणी, पीक, प्रयोगशाळेचे अंतर, जमिनीचा आकार, सगळेच वेगळे आहे. म्हणून आपली चाचणी फरक आहे की नाही एवढेच सांगेल. का आहे, ते सांगणार नाही.

मोजण्याच्या रीतीत मुरलेला दोष कोणत्याही चाचणीने निघत नाही, ही गोष्ट आपल्या भागाला परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. पिकाचे उत्पादन अजमावण्यासाठी शेतात अगदी लहान तुकडा आखून पीक कापले तर अंदाज जास्तीचा येतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि कडेवरचे रोप आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो. असे हजार तुकडे कापले तरी उत्तर हजार वेळा एकाच बाजूला चुकते. नमुना वाढवून योगायोग कमी होतो, हा कल कमी होत नाही.

ही चाचणी कधी वापरू नये

त्याच १०० शेतकऱ्यांना प्रशिक्षणाआधी आणि प्रशिक्षणानंतर विचारले असेल, तर दोन प्रमाणे स्वतंत्र नसतात आणि वरची चाचणी चुकीची ठरते. तेथे १९४७ मध्ये क्विन मॅक्नेमार यांनी मांडलेली रीत वापरावी. तिच्यात ज्यांचे उत्तर बदलले तेवढेच मोजायचे असतात. समजा, ‘नाही’वरून ‘होय’वर १८ जण गेले आणि ‘होय’वरून ‘नाही’वर ६ जण; तर (१८ − ६) चा वर्ग भागिले (१८ + ६) = १४४ ÷ २४ = ६, आणि तो ३.८४ पेक्षा मोठा असल्याने बदल सार्थ ठरतो. उरलेल्या ७६ जणांचा येथे उपयोग नाही.

‘होय’ची संख्या पाच-सहाच असेल तर फिशर यांची अचूक चाचणी संगणकावर करावी. आणि सांगली जिल्ह्यातल्या दहाही तालुक्यांची एकमेकांशी जोडीजोडीने तुलना करू नये: अशा ४५ जोड्या होतात आणि कोठेच खरा फरक नसला तरी ०.०५ पातळीवर त्यांतल्या सरासरी दोन जोड्या ‘सार्थ’ निघतात. आधी दहाही तालुक्यांची एकत्र काय-वर्ग चाचणी करावी, किंवा जोड्यांसाठी पातळी ०.०५ ÷ ४५ इतकी कडक करावी.

किती माणसे घ्यावीत, हा प्रश्न विद्यार्थी सर्वेक्षण संपल्यावर विचारतात. तो आधी विचारावा. शेकडा ३५ आणि शेकडा ४५ एवढा फरक खरोखर असेल आणि तो सापडण्याची संभाव्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक तालुक्यातून ७.८४ × (०.३५ × ०.६५ + ०.४५ × ०.५५) ÷ (०.१०)² = सुमारे ३७३ स्वतंत्र शेतकरी लागतात. यातला ७.८४ हा १.९६ आणि ०.८४ यांच्या बेरजेचा वर्ग आहे. फरक शेकडा ४० आणि ४५ एवढाच असेल तर हीच संख्या सुमारे १,५२९ होते. गावागावांतून वीस-वीस घेणार असाल तर आलेल्या संख्येला पुन्हा १.९५ ने गुणावे. पहिल्या उदाहरणात ती ७२८ होईल. हा आकडा एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर प्रत्येक गावातली माणसे कमी करून गावे वाढवावीत. गावामागे ८ घेतले तर तोच गुणक १.३५ वर उतरतो आणि ५०४ शेतकऱ्यांत, म्हणजे प्रत्येक तालुक्यातल्या ६३ गावांत, काम भागते. एसटीचा प्रवास वाढेल, पण प्रत्येक भरलेल्या फॉर्मचे मोलही वाढेल.

शेवटी अहवालातले वाक्य. वरच्या उदाहरणात गावे निवडून सर्वेक्षण झाले असेल, तर मी ते असे लिहीन: ‘वाळवा तालुक्यातल्या १२ आणि जत तालुक्यातल्या ९ गावांतून, खातेदारांच्या संख्येच्या प्रमाणात यादृच्छिक निवड करून, प्रत्येकी २० शेतकऱ्यांना विचारले असता माती परीक्षण करून घेतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ४५.० (१०८/२४०) आणि शेकडा ३३.९ (६१/१८०) आढळले. गावातल्या उत्तरांचा अंतर्गत सहसंबंध ०.०५ धरल्यास फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल शंभरामागे उणे २ ते अधिक २४ असा येतो (झेड = १.६५, द्विपुच्छ पी-मूल्य ०.१०). यादीत नाव निघूनही न भेटलेल्या शेतकऱ्यांची संख्या तालुकानिहाय सोबतच्या कोष्टकात दिली आहे.’